सगळे जुळते, म्हणूनच अडचण

जाहिरातीत मजकूर तीनच शब्दांचा असतो: ‘९९ टक्के पूर्ण’. सोबत एक फोटो. जेवणाच्या टेबलावर ठेवलेले निळ्या-करड्या रंगाचे अंतराळयान, पुढे पिवळ्या पारदर्शक काचा, बाजूला चार छोटे अंतराळवीर. खोके नाही. पुस्तिका आहे, पण मधली पाने निसटलेली. पोटमाळा आवरताना सापडले, असे विक्रेता सांगतो. किंमत बाजारभावापेक्षा थोडी कमी आहे, म्हणजे मोहात पडायला पुरेशी.

हे यान म्हणजे लेगोचा ‘गॅलक्सी एक्सप्लोरर’. साल १९७९, युरोपात क्रमांक ९२८, अमेरिकेत ४९७. एकूण तुकडे ३३८. मग ९९ टक्के म्हणजे काय? त्रैराशिक मांडले तर तीन तुकडे कमी, फार तर चार. ऐकायला काहीच नाही. पण ते तीन तुकडे कोणते? एका खुंटीच्या करड्या पातळ पट्ट्या असतील, तर नवा मालक त्या आपल्याच डब्यातून काढून बसवील आणि विसरून जाईल. तेच तीन तुकडे पिवळ्या काचांचे असतील, तर त्या ‘एका टक्क्या’साठी पुढचे काही महिने शोधात जातील. टक्केवारी तुकड्यांची संख्या मोजते, त्यांची पत मोजत नाही. जुने लेगो विकत घेणाऱ्यांची निम्मी फसगत इथेच होते, आणि तीही विक्रेत्याच्या मनात कपट नसताना.

मुळात लेगोच्या बाबतीत ‘पूर्ण’ हा शब्द इतका निसरडा का, याचे उत्तर त्या विटेच्या गुणातच आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे सुतार ओले कर्क क्रिस्तियानसन यांनी १९३२ साली खेळणी करायला सुरुवात केली. प्लॅस्टिकच्या विटा १९४९ मध्ये आल्या, पण त्या आतून पोकळ होत्या आणि एकमेकींना नीट धरून ठेवत नसत. ओले यांचे चिरंजीव गोत्फ्रेद यांनी विटेच्या पोटात नळ्या घातल्या आणि २८ जानेवारी १९५८ रोजी त्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. वरची खुंटी खालच्या नळ्यांत घट्ट बसू लागली. तेव्हापासून आजपर्यंत हे माप तेच आहे: दोन खुंट्यांच्या मध्यांतले अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६, पातळ पट्टीची ३.२. आजोबांच्या विटेवर नातवाची वीट बसते, याचे सगळ्यांना कौतुक असते.

गिऱ्हाइकाला मात्र हेच कौतुक महागात पडते. जिगसॉ कोड्यातला एक तुकडा हरवला तर चित्रात भोक पडते आणि ते लपवता येत नाही. पत्त्यांच्या जोडातून इस्पिकचा गुलाम गेला की दुसऱ्या जोडातला गुलाम पाठीवरून ओळखू येतो. लेगोत भोक पडतच नाही. एक वीट गेली की त्याच मापाची दुसरी बसते, दुसऱ्या सेटमधली, दुसऱ्या दशकातली, कधी दुसऱ्याच कंपनीची. यान उभे राहते, फोटो छान येतो. तीस-चाळीस वर्षे पोरांनी खेळलेल्या सेटमध्ये अशा किती बदल्या झाल्या असतील, हे त्या घरातल्या आईवडिलांनाही ठाऊक नसते. विक्रेता खोटे बोलत नाही. त्याला माहीतच नसते.

म्हणून मुरलेला गिऱ्हाईक फोटोत आकार बघत नाही, काळ बघतो.

सगळ्यांत सोपी खूण रंगाची. २००३-०४ च्या सुमारास लेगोने आपला करडा रंग बदलला. जुना करडा किंचित उबदार, पिवळसर झाकेचा. नवा निळसर. गडद करड्याचे तसेच झाले, आणि तपकिरीच्या जागी लालसर तपकिरी आली. चाहत्यांनी त्या वेळी बरीच आरडाओरड केली होती. पण जुना माल घेणाऱ्यांना या बदलाने एक आयता कालदर्शक दिला. १९८९ च्या किल्ल्याच्या भिंतीत निळसर करडी वीट दिसली, की ती मूळची नाही हे फोटोवरूनच कळते. अट एकच: फोटो दिवसाच्या उजेडात काढलेला हवा. पिवळ्या बल्बखाली नवा करडा जुन्यासारखा दिसतो, आणि अशा विक्रीतले बरेच फोटो रात्री, दिव्याखालीच काढलेले असतात.

दुसरी खूण साच्याची. साठ-सत्तरच्या दशकातल्या कित्येक विटांच्या पोटात पेटंट प्रलंबित असल्याची इंग्रजी अक्षरे सापडतात, नंतरच्या विटांत ती नाहीत. बऱ्याच तुकड्यांच्या आत बारीक आकडाही असतो, दोन बाय चारच्या विटेवर ३००१, एका खुंटीच्या पातळ पट्टीवर ३०२४. हे आकडे वाचायची सवय लागली की ‘तो छोटा तिरपा तुकडा’ असली वर्णने करावी लागत नाहीत. लेगोच्या माणसाच्या डोक्यावरची खुंटी जुन्या काळात भरीव होती, नंतर ती पोकळ झाली. ऐंशीच्या दशकातल्या अंतराळवीराच्या धडावर पोकळ खुंटीचे डोके दिसले, तर ते कुठून तरी उसने आणलेले समजावे. आणि खुंटीवर लेगोचे नाव कोरलेले नसेल, तर वीटच परकी आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत टायको नावाच्या कंपनीने याच मापाच्या विटा विकल्या, पुढे कॅनडाच्या मेगा ब्लॉक्सनेही. मेगा ब्लॉक्सवर लेगोने केलेला दावा २००५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला: पेटंट संपले, आता मापावर कुणाची मालकी नाही. कायद्याच्या दृष्टीने हे ठीकच. पण जुन्या खोक्यात या सगळ्या विटा एकत्र नांदतात.

आता माणसांकडे वळू, कारण पैसा तिथेच अडकलेला असतो.

हातपाय हलवणारा, हसऱ्या पिवळ्या चेहऱ्याचा लेगोचा माणूस १९७८ साली आला. येन्स न्यूगोर क्नुडसेन यांची ही निर्मिती. त्याच वर्षी आलेल्या पिवळ्या किल्ल्यात, म्हणजे सेट क्रमांक ३७५ मध्ये, असे चौदा जण होते. घोडे मात्र विटांचेच रचायचे होते, कारण घोड्याचा साचा तेव्हा बनलाच नव्हता. गॅलक्सी एक्सप्लोररमध्ये दोन लाल आणि दोन पांढरे अंतराळवीर. त्यांच्या शिरस्त्राणाला हनुवटीखालून जाणारी एक बारीक पट्टी होती आणि ती हमखास मध्येच तुटायची. पुढे कंपनीने ती जाड केली. त्यामुळे न तुटलेल्या पातळ पट्टीचे मूळ शिरस्त्राण आज वेगळ्या भावाने विकले जाते. विक्रेता म्हणतो ‘चारही माणसे आहेत’, आणि ते खरेच असते. पण पट्टी तुटली आहे का, छातीवरचे सोनेरी चंद्राचे चिन्ह पोरांच्या अंगठ्याने पुसले गेले आहे का, काखेखाली धडाला केसाएवढी चीर गेली आहे का, हे लांबून काढलेल्या फोटोत दिसत नाही. ते मुद्दाम विचारावे लागते.

एका माणसापायी सेटची किंमत कुठच्या कुठे जाते, याचे ठळक उदाहरण म्हणजे २००३ चा ‘क्लाउड सिटी’, क्रमांक १०१२३. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला हा सेट दिसायला काही फार देखणा नाही. पण त्यात बोबा फेटचा जो माणूस होता, त्याच्या हातांवर आणि पायांवरही छपाई होती, आणि तसा तो दुसऱ्या सेटमध्ये आला नाही. आज जुन्या क्लाउड सिटीच्या एकूण किमतीतला मोठा वाटा या चार सेंटिमीटरच्या माणसाचा असतो. मग ‘एकच माणूस कमी, बाकी सगळे पूर्ण’ असे वाचल्यावर पहिला प्रश्न काय विचारायचा, हे सांगायला नको. वजनावर विकल्या जाणाऱ्या ढिगांचेही तसेच. पाच किलोच्या ढिगात एकही माणूस दिसत नसेल, तर माणसे हरवलेली नाहीत. ती आधीच वेचली गेली आहेत.

१९८९ च्या ‘ब्लॅक सीज बॅराकुडा’ या चाच्यांच्या जहाजाची गोष्ट आणखी गमतीची. क्रमांक ६२८५, आठ माणसे, कापडी शिडे, प्लॅस्टिकच्या जाळीच्या दोरशिड्या, पोपट, माकड, पेटीत सोन्याची नाणी. हरवण्यासाठीच बनवल्यासारखी यादी. विटा बहुतेक मिळतात. शिडे विरतात, फाटतात, कुणीतरी ती धुऊन इस्त्रीही करतो. पण खरी मेख तोफांत आहे. युरोपात विकलेल्या जहाजावरच्या तोफांना स्प्रिंग होती आणि त्या गोळा उडवत. अमेरिकेत विकलेल्या तोफा उडत नसत. म्हणजे अमेरिकी विक्रेत्याने प्रामाणिकपणे मोजून ‘पूर्ण’ म्हटलेले जहाज युरोपच्या यादीप्रमाणे अपूर्ण ठरते, आणि दोघांचेही बरोबर असते. पुढे २००२ मध्ये हेच जहाज १००४० या क्रमांकाने पुन्हा निघाले. तेव्हा ‘बॅराकुडा’ एवढेच लिहिलेले असेल, तर कोणते, हे विचारलेले बरे.

तुकडे सगळे असूनही सेट निकामी असू शकतो. १९८७ ची मोनोरेल, क्रमांक ६९९०, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. रूळ, डबे, खांब सगळे जागेवर. पण बॅटरीच्या घरात कुणीतरी वीस वर्षांपूर्वी सेल विसरला होता, तो पाझरला आणि पत्रे हिरवे-पांढरे झाले. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची अशी गत घरोघरी पाहिलेली असते. मोटर चालते का, या प्रश्नावर ‘तपासलेली नाही’ असे उत्तर आले, की ते ‘चालत नाही’ असे वाचायचे. सेल घालून बघायला दोन मिनिटे लागतात, आणि चालणाऱ्या मोटरचा भाव न चालणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. जो विक्रेता ती दोन मिनिटे देत नाही, त्याने बहुधा ती दिलेली असतात. रबराचे पट्टे, हवेच्या दाबावर चालणाऱ्या सेटमधल्या नळ्या, कागदी चिकटचित्रे यांचेही वय होते. पॅकबंद खोक्यातही ती वाळून कडक होतात.

प्लॅस्टिकचेही वय होतेच. १९६३ पूर्वीच्या विटा सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या. त्या काळाच्या ओघात वाकड्या होतात, आक्रसतात, एकमेकींना सोडतात. त्यानंतरच्या एबीएस प्लॅस्टिकच्या विटा टिकाऊ, पण उन्हात पिवळ्या पडतात. त्यातल्या रबरी घटकाचे अतिनील किरणांमुळे ऑक्सिडीकरण होते. पांढऱ्या, करड्या आणि निळ्या विटांवर ते लगेच दिसते. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उजेडात ठेवले की रंग परत येतो, असा एक उपाय हौशी लोकांत रूढ आहे. येतोही. पण पिवळेपणा पुन्हा परतू शकतो, आणि घाई केली तर विटेवर पांढुरके डाग पडतात. म्हणून ‘स्वच्छ केलेले’ असे लिहिलेले असेल तर कशाने, हे विचारण्यात संकोच नसावा. कंपनी ४० अंशांपेक्षा गरम पाणी वापरू नका म्हणते. लोक भांडी धुण्याच्या यंत्रात घालतात.

घरात तान्हे मूल असेल, तर एक वेगळीच बाब. प्लिमथ विद्यापीठाचे अँड्र्यू टर्नर यांनी २०१८ मध्ये घरे, पाळणाघरे आणि धर्मादाय दुकाने यांतून जमवलेली २०० जुनी प्लॅस्टिकची खेळणी तपासली. पिवळ्या, लाल आणि काळ्या तुकड्यांत कॅडमियम, शिसे यांसारखी द्रव्ये वारंवार आढळली, आणि त्यात सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या जुन्या विटाही होत्या. कपाटात मांडून ठेवणाऱ्याला याची फिकीर नाही. तोंडात घालणाऱ्याला आहे.

मग खात्री करायची कशी? वजन करून, असे अनेकांना वाटते. कल्पना चांगली, पण तोकडी. दोन बाय चारची वीट साधारण २.३ ग्रॅम भरते. एका खुंटीची पट्टी पाव ग्रॅमही नाही. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमची पायरी मोजतो. अशा चार पट्ट्या गेल्या तरी तो जेमतेम हलेल. शिवाय लाल विटेच्या जागी काळी बसवली तर वजन तेच. वजनाने ढिगाचा अंदाज येतो, सेटचा नाही.

उभारलेल्या मॉडेलचा फोटोही अर्धाच पुरावा. बाहेरून दिसणारी भिंत निळी आणि आत, जिथे नजर पोहोचत नाही, तिथे हिरव्या-लाल विटांची भरती, हा प्रकार इतका सर्रास आहे की त्याला लबाडी म्हणणेही जड जाते. लहान मुले तेच करतात. ऐंशीच्या दशकातल्या पुस्तिकांत प्रत्येक पायरीला कोणते तुकडे घ्यायचे, हे दाखवलेले नसे आणि शेवटी यादीही नसे. आधीच्या आणि नंतरच्या चित्रातला फरक डोळ्यांनी शोधायचा. सात वर्षांच्या पोराने तो शोधला, जमेल तसा, जवळ होत्या त्या विटांनी. म्हणून सगळ्यांत भरवशाचा फोटो तो, ज्यात सेट पूर्ण सुटा करून तुकडे रंगाप्रमाणे, ओळीने मांडलेले असतात. असा फोटो देणाऱ्या विक्रेत्याने खरोखर मोजणी केलेली असते.

मोजायचे कशाच्या आधारे, हा प्रश्न आता सुटला आहे. २००० साली डॅन येझेक यांनी सुट्या विटांच्या खरेदी-विक्रीसाठी एक बाजारपेठ सुरू केली, तीच आजची ब्रिकलिंक. २०१९ मध्ये खुद्द लेगोने ती विकत घेतली. तिथे जुन्या सेटच्या याद्या हौशी लोकांनी तुकडा तुकडा मोजून तयार केलेल्या आहेत. कोणता तुकडा, कोणत्या रंगात, किती नग, आणि एकाच सेटमध्ये दोन प्रकारचे साचे आले असतील तर त्याचीही नोंद. प्रत्येक तुकडा मागच्या सहा महिन्यांत काय भावाने गेला, हेही दिसते. जाहिरात उघडायच्या आधी ही यादी भावाच्या उतरत्या क्रमाने लावून बघितली, तर एक मजेदार गोष्ट लक्षात येते: बहुतेक सेटची किंमत पाच-दहा तुकड्यांतच एकवटलेली असते. विक्रेत्याला ३३८ तुकड्यांबद्दल विचारून हैराण करायचे कारण नाही. गॅलक्सी एक्सप्लोररच्या बाबतीत काचा, तळाच्या दोन पाट्या आणि चार माणसे यांचे जवळून काढलेले फोटो मागावेत. बाकीचे सोडून द्यावे.

सोडून द्यावे, पण हिशेब करून. सुट्या पट्ट्या काही सेंटला मिळतात. मात्र हव्या असलेल्या अकरा गोष्टी पाच दुकानांत विखुरलेल्या असतात. प्रत्येक दुकानाची किमान खरेदीची अट वेगळी, प्रत्येकाचा टपालखर्च वेगळा. दोन युरोचे तुकडे आणि पंधरा युरोचे टपाल, असा तो मामला. युरोपात राहणाऱ्याला हे परवडते. पुण्या-मुंबईत बसून मागवणाऱ्याचे गणित निराळे. भारताने खेळण्यांवरचे मूळ आयातशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के केले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. एवढ्या लांबून सेट आणायचा, आणि मग हरवलेल्या काचेसाठी दुसरे पार्सल, दुसरे टपाल, पुन्हा कस्टम्स. इथल्या खरेदीदाराने चार पैसे जास्त मोजून मोजलेला सेट घेतलेला बरा. स्वस्तातला अपूर्ण सेट त्याच्या दारात येईपर्यंत स्वस्त राहत नाही.

गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांनी एक आकडा ऐकलेला असतो. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या २,३२२ सेटचे भाव तपासले आणि वर्षाला सरासरी सुमारे ११ टक्के परतावा काढला. हा आकडा विक्रेते आवडीने सांगतात. हिशेब न उघडलेल्या खोक्यांचा होता, हे सांगायचे राहून जाते. पोटमाळ्यावरच्या फाटक्या पुस्तिकेला तो लागू नाही.

भाव चढले की नकलाही येतात. चीनमधल्या ‘लेपिन’ने लेगोचे बंद झालेले महागडे सेट जसेच्या तसे उतरवून विकले. २०१९ मध्ये शांघाय पोलिसांनी छापे घातले, आणि पुढच्या वर्षी प्रमुख आरोपीला सहा वर्षांची कैद व ९ कोटी युआनचा दंड झाला. पण तोवर विकलेला माल घरोघरी पोहोचला होता. तो आता जुना होऊन खऱ्या विटांत मिसळला आहे. खुंटीवरचे नाव वाचण्याइतका जवळचा फोटो मागण्याचे हे आणखी एक कारण.

एवढे सगळे करूनही पार्सल उघडल्यावर काहीतरी कमी निघते, आणि काहीतरी जास्त. कमी निघालेल्याची हळहळ सगळेच करतात. जास्तीचे तुकडे मात्र कुणी नीट बघत नाही, खरे तर धागा तिथे असतो. अंतराळयानाच्या पिशवीत किल्ल्याच्या दाराची एक बिजागरी निघाली, तर त्या घरात किल्लाही होता आणि दोन्हींचे तुकडे एकाच पेटीत पडत होते. यानात किल्ल्याचा तुकडा आला, तसा किल्ल्यात यानाचा गेलाच असणार. मग मुरलेला गिऱ्हाईक तक्रार न लिहिता त्याच विक्रेत्याच्या बाकीच्या जाहिराती उघडतो. तिसऱ्या जाहिरातीत पिवळ्या विटांचा ढीग आहे, ‘किल्ला, बहुतेक अपूर्ण’. फोटो मोठा करत तो कोपऱ्यात जातो. भिंतीच्या दोन विटांमध्ये काहीतरी पारदर्शक, पिवळे चमकते आहे.